नऊ दिवसांची सवत

माझ्या लग्नात आठ पंगती उठल्या होत्या. शेवटच्या पंगतीला वांग्याची भाजी संपली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी शेजारच्या मळ्यातून वांगी तोडून आणवली, आणि ती शिजेपर्यंत माणसं पत्रावळीसमोर बसून राहिली. एकही उठला नाही. एवढ्या माणसांदेखत झालेल्या लग्नाचा पुरावा पंचेचाळीस वर्षांनी मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकच्या घरात माझाच मुलगा मला मागत होता.

"मी नाही गं मागत, आई," हृषिकेश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. "डिपार्टमेंट मागतंय. व्हिसाचं. मॅरेज सर्टिफिकेट पाहिजे त्यांना."

"त्यांना म्हणावं, वांगी कोणाच्या मळ्यातली होती ते विचारा. सांगते."

"आई, प्लीज."

गोष्ट अशी होती. आम्ही दोघांनी मुलाजवळ कायमचं राहायचं म्हणून अर्ज केला होता. अर्ज ह्यांच्या नावाने, भास्कर यशवंत शेवाळे, आणि त्यांच्या मागे बायको म्हणून मी, मंजिरी. घरात पुढे कोण आणि मागे कोण हे सगळ्यांना माहीत आहे, पण सरकारला कोण सांगणार? आता त्या सरकारचं पत्र आलं होतं की ही बाई ह्या माणसाची बायको आहे हे अठ्ठावीस दिवसांत कागदाने दाखवा. नाही दाखवलं तर हे इथे राहायला मोकळे आणि मी आपली ठाण्याला परत. ज्या माणसाला स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल सापडत नाही, तो ऑस्ट्रेलियात राहणार आणि मी तिकडे एकटी दूध तापवत बसणार. नात अनुष्का दहा वर्षांची. तिला वेणी घालायची माझ्याशिवाय कोणाला येते? तिच्या आईला एक रबरबँड आणि नशीब.

"कागद होता की," हे हळूच म्हणाले. "कंपनीची खोली मिळायला लागला होता. नगरपालिकेत जाऊन नोंद केली होती आपण."

"मग कुठे गेला?"

"कंपनीला दिला."

"आणि कंपनी?"

"बंद पडली."

आमच्या ह्यांची सगळी उत्तरं अशीच. खोटं एक नाही, उपयोगाचं एक नाही.

नोंद केली म्हणजे रजिस्टरात असणारच, असं हृषिकेशचं म्हणणं. त्याने माझ्या पुतण्याला, बाळला, फोन लावला. बाळ गावाकडे असतो, चाळिशीला टेकलाय, तरी बाळच. त्याला सांगितलं की तालुक्याच्या नगरपालिकेत जा, एकोणऐंशी सालचं लग्नाचं रजिस्टर काढायला लाव, एक मेची नोंद बघ. आमच्या लग्नाचा वाढदिवस एक मेला असतो. दर वर्षी. त्यात कधी कोणी शंका काढली नव्हती.

चार दिवसांनी बाळचा निरोप आला. एक मेला कोणाचंच लग्न नाही. दोन मेला एक आहे, पण नवऱ्याचं नाव इस्माईल.

*

आमच्यापासून तीन घरं सोडून मिल्ड्रेड राहते. वसईची. आठवडाभर बँकेत असते आणि शनिवार-रविवार लोकांची लग्नं लावते. चर्चमधली नव्हे, सरकारी. इथे तशी पद्धत आहे. सरकार एखाद्या माणसाला परवाना देतं, आणि मग ते माणूस बागेत म्हणू नका, समुद्रावर म्हणू नका, एकदा तर म्हणे मेंढ्यांच्या गोठ्यात, उभं राहून लग्न लावतं. वसईहून सुकेळी, ती सुकवलेली केळी, आली की मला आणून देते, म्हणून मी तिच्या धंद्याला नावं ठेवत नाही.

हृषिकेशने तिलाच बोलावून घेतलं. मला वाटलं सल्ला विचारायला. तिने पर्समधून सुकेळीची पुडी आणि मागोमाग एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा पोरगा आई-बापाचं लग्न लावायला निघालाय.

"काकू, लग्नाच्या एक महिना आधी ही नोटीस माझ्याकडे द्यावी लागते," मिल्ड्रेड म्हणाली. "महिना झाल्याशिवाय मला लग्न लावता येत नाही."

"महिना? आणि डिपार्टमेंटचे दिवस अठ्ठावीस."

"एक्स्टेन्शन मागू," हृषिकेश म्हणाला. "नो वरीज."

"तुला नसतील. मला आहेत. ह्यात काय लिहायचंय?"

सून रुचा माझ्या शेजारी बसली आणि वाचायला लागली. रुचा इंजिनिअर आहे, कोणताही फॉर्म गणपतीच्या आरतीसारखा वाचते, एका दमात. नाव, पत्ता, जन्म कुठे झाला, आणि मग एक चौकट. तिथे ती अडखळली.

"आई, इथे टिक करायची असते. एक, विडो. दोन, डिव्होर्स्ड. तीन..."

"तीन काय?"

"नेव्हर व्हॅलिडली मॅरिड."

"मराठीत सांग."

रुचाने मिल्ड्रेडकडे बघितलं. मिल्ड्रेडने हृषिकेशकडे बघितलं. हृषिकेशने खिडकीबाहेर बघितलं. शेवटी मिल्ड्रेडच म्हणाली, "म्हणजे, काकू, कायद्याने लग्न कधी झालेलंच नाही."

मी उठले. टेबलावरची सुकेळीची पुडी उचलली, मिल्ड्रेडच्या पर्समध्ये परत ठेवली आणि म्हटलं, "माझा मुलगा एक्केचाळीस वर्षांचा आहे. तो बसलाय बघ समोर. त्याच्यादेखत मी लिहून देऊ की माझं लग्न झालेलंच नाही? मग हा कोणाकडून आणला, समुद्रावरून?"

"काकू, बसा तरी. मी तेच सांगतेय ह्याला. लग्न झालेलं असताना झालं नाही म्हणून सही केलीत तर गुन्हा आहे. मी पण अडकेन. लग्न झालेल्या माणसांचं मी परत लग्न लावू शकत नाही, नोंदच शोधा." मग तिने पुडी गुपचूप परत टेबलावर ठेवली. बाई हुशार आहे. "तुम्ही माहेरच्या नावाने शोधलंत का? नोंद लग्नाआधीच्या नावाने असते पुष्कळदा."

"नाव मंजिरीच," मी म्हटलं. "माहेरीही मंजिरी, सासरीही मंजिरी. सासरचे बदलणार होते. मी बदलू दिलं नाही."

हे खोकले.

"आमच्या आईंचं हे फेमस आहे," रुचा अभिमानाने मिल्ड्रेडला सांगायला लागली. "सेव्हन्टी-नाइनमध्ये! बोहल्यावर सांगितलं त्यांनी, नाव बदलाल तर हार घालणार नाही. त्यांच्यामुळेच तर मी माझं नाव, आडनाव काहीच बदललं नाही."

हे पुन्हा खोकले. मी म्हटलं, "पाणी प्या."

*

बाळ दुसऱ्यांदा नगरपालिकेत गेला तेव्हा त्याला सांगितलं होतं की तारीख सोड, एप्रिल-मे सगळं बघ, नवऱ्याच्या नावाने बघ. शनिवारी सकाळी त्याचा व्हॉइस मेसेज आला. आम्ही सगळे स्वयंपाकघरातच होतो. हृषिकेशने फोन मोठ्या आवाजात लावून ओट्यावर ठेवला, लोणच्याच्या बरणीला टेकवून.

"हृषीदादा, नोंद सापडली बरं का! भास्कर यशवंत शेवाळे, राहणार आपलं गाव, सगळं बरोबर. तारीख बावीस एप्रिल एकोणऐंशी. पण दादा..." मग नुसता पंख्याचा आवाज. "पण वधूच्या नावाच्या जागी मंजिरीकाकूंचं नाव नाही. चिंधी असं लिहिलंय. च-ला वेलांटी, डोक्यावर टिंब. पुढचं बापाचं नाव, गाव कसरीने खाल्लंय, खालच्या सह्यांसकट. क्लार्क फोटो काढू देत नाही. तो म्हणतो, शेवाळ्यांनी दोन लग्नं केली असतील. मी काय बोलणार? काकांना विचारा जरा. आणि काकूंसमोर हा मेसेज लावू नका."

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली.

तुम्हाला सांगायला हरकत नाही. चिंधी म्हणजे मीच.

माझ्या आधी माझ्या आईची तीन मुलं गेली. चौथी मी. मग आमच्याकडे करायचे तसं केलं. नवीन कापड अंगाला लावलं नाही, जुन्या चिंधीत गुंडाळलं आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे असल्या टाकाऊ वस्तूकडे काळाचं लक्ष जाणार नाही. गेलं नाही खरंच. चौसष्ट वर्षं झाली, मी टिकून आहे. पण आईने माझा जीव वाचवला आणि नाक कापून ठेवलं. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेले, त्याला हे नावही एक कारण. गुरुजी हजेरी घेताना त्या नावाशी थांबायचे आणि सगळा वर्ग वाट बघायचा.

लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवीन नाव काढलं. मंजिरी. कुठून आणलं विचारलं तर म्हणाले, तुळशीकडे बघत होतो. ते नाव मी असं घट्ट धरलं की काय सांगू. हार घालणार नाही वगैरे मी काही बोलले नव्हते. उलट नाव बदलायचं हे विसरले असते तर मात्र घातलेला हार काढून घेतला असता.

लग्न बावीस एप्रिललाच झालं. पण कामगार माणसाला हक्काची सुट्टी एक मेला, म्हणून वाढदिवस तेव्हा. नोंद करायला आम्ही सात-आठ दिवसांनी गेलो, तर क्लार्क म्हणाला, लग्नाआधीचं नाव लिहा. लिहिलं. तो म्हणाला, सही करा. मला पाटीवर लिहायची सवय, शाई कधी हातात धरलेली नव्हती. पहिल्यांदा शाईने काही लिहिलं ते हेच. नगरपालिकेच्या पायऱ्या उतरले आणि ह्यांना म्हटलं, "हे नाव आत ठेवून आलोय आपण. पुन्हा तुमच्या तोंडी आलं तर मी माहेरी जाईन." हे म्हणाले, बरं.

आणि पाळलं हो त्यांनी. ठाण्याला गेल्यावर कळलं की शहरात तर ती शिवीच आहे. पातळ चहा दिला तर चिंधी, जुनी साडी भेट दिली तर चिंधी. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द बंद. फरशी पुसायचं ते फडकं. रुचा नवीन लग्न होऊन आली तेव्हा एका हॉटेलला "किती चिंधी आहे" म्हणाली, आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला वाटलं मला ते हॉटेल आवडतं. बिचारी तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच घेऊन गेली. हे मात्र कोणी तो शब्द काढला की किंवा मी नाव न बदलल्याची फुशारकी मारली की नुसते खोकायचे. घरच्यांना वाटायचं दमा आहे.

*

तर फोन बंद झाला आणि स्वयंपाकघरात सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले.

"बाबा," हृषिकेश म्हणाला, "ही चिंधी कोण?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पळीकडे बघितलं. हे खोकले.

"आई, हे तुझंच आधीचं नाव नाही ना?" हृषिकेशला शंका आली, मुलगा माझा आहे.

"हृषी, काहीतरी काय!" रुचाच माझ्या आधी बोलली. "आईंनी नाव बदलू दिलं नव्हतं. आणि त्यांचं नाव काय असं असेल? जरा बघ त्यांच्याकडे."

मी मान हलवली. कोणत्या दिशेला, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

"म्हणजे बावीस एप्रिलला एक लग्न आणि एक मेला दुसरं?" रुचा बोटं मोजायला लागली. "नऊ दिवस? बाबा, नऊ दिवसांत बायको बदललीत?"

हे काय करतील म्हणून मी बघत होते. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. पण हे उठले, स्वतःची कपबशी विसळली, जी त्यांनी पंचेचाळीस वर्षांत कधी विसळली नव्हती, आणि बाहेर जाऊन लिंबाच्या कुंडीला पाणी घालत बसले. त्यावरून तर सगळ्यांची खात्रीच पटली.

पुढचे तीन दिवस आमच्या घरात ह्यांचे जे हाल झाले ते मी माझ्या वैऱ्याचे करणार नाही. रुचाने त्यांना दुसऱ्यांदा भात वाढणं सोडलं. वाढायची, पण भांडं असं आपटून की माणूस नको म्हणेल. माझ्या मात्र हातातली कामं काढून घ्यायला लागली. "आई, तुम्ही बसा. तुम्ही किती सहन केलंत." मी बसले. पंचेचाळीस वर्षांत कोणी मला बसा म्हणालं नव्हतं, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. मिल्ड्रेडलाही कळलं. ती माझ्यासाठी केक घेऊन आली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मेन, काकू. सगळे मेन सारखेच." मी दोन तुकडे खाल्ले.

मनातून मला वाटायचं, हे आज बोलतील. उद्या बोलतील. माणूस किती सोसेल? म्हणजे मग माझ्यावर यायला नको, मी वर रागवायलाही मोकळी. पण हे बोलायला तयार नाहीत.

तिसऱ्या दिवशी अनुष्का शाळेतून आली आणि ह्यांच्या शेजारी बागेतल्या बाकावर जाऊन बसली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. मी मुद्दाम ऐकत नव्हते, पण खिडकीही बंद केली नाही.

"आबा, हू वॉज चिंडी?"

"चिंधी," असं ह्यांना दुरुस्त करायचं असणार, पण त्या जागी खोकलाच ऐकू आला.

"वॉज शी नाइस?"

मग हे म्हणाले, "बरी होती. बोलायची फार. भाकरी झकास करायची."

"बेटर दॅन आजी?"

"तशीच."

"देन व्हॉट हॅपन्ड टू हर?"

"काय होणार? तुझी आजी आली," हे म्हणाले. "मग तिचं काही चाललं नाही."

माझ्या हातून परात निसटली. पिठासकट. अनुष्का ओरडली, "आजी, यू ओके?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? अभ्यास कर." आणि खाली बसून पीठ भरायला लागले, पण ते काही नीट भरता येईना.

*

त्याच संध्याकाळी हृषिकेश ऑफिसातून आला तो व्हिसाच्या एजंटशी बोलूनच. अठ्ठावीसातले नऊ दिवस उरले होते. मी भाकऱ्या थापत होते. सगळे टेबलाशी.

"आई, बाबा, सरळच बोलतो," तो म्हणाला. "अर्जात आधीचं लग्न सांगावंच लागतं. लपवलं तर अर्जच जाईल, दोघांचाही. त्यामुळे ह्या बाईंचं काय झालं ते दाखवायला पाहिजे. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा कागद. नाहीतर..." तो थांबला. "बाबा, त्या हयात आहेत का?"

हे भाजीत काहीतरी शोधत होते.

"ठीक आहे. नका सांगू. मी बाळला सांगतो, मृत्यूच्या नोंदीत बघ म्हणून. चिंधी नावाने. एकोणऐंशीपासून पुढे."

त्याने फोन उचलला, आणि लावलासुद्धा. तिकडे घंटी वाजायला लागली.

मला कसं सांगू काय झालं ते. माझ्या आईने तीन मुलं पुरली होती. चौथ्याची नोंद तिकडे जाऊ नये म्हणून तिने पोरीला चिंधी म्हटलं, जन्मभर त्या नावाने हाक मारली आणि लोकांचं हसणं ऐकलं. आणि तिचाच नातू आता मेलबर्नला बसून ते नाव मेलेल्यांत शोधायला लावत होता.

"ठेव तो फोन," मी म्हटलं.

"आई, पण..."

"ठेव म्हणते ना! मेलेल्यांत कशाला शोधतोस? ती इथे उभी राहून तुझ्यासाठी भाकऱ्या थापतेय."

फोनमधून बाळ "हॅलो, हॅलो दादा" करत राहिला. तव्यावरची भाकरी करपली. माझी भाकरी कधी करपत नाही, लिहून ठेवा.

रुचा पहिल्यांदा बोलली, तेही अगदी हळू. "आई... म्हणजे तुम्ही... पण बोहल्यावर तुम्ही म्हणाला होतात ना, की..."

"नव्हते म्हणाले."

"मी त्यावर ऑफिसमध्ये भाषण दिलंय, आई. विमेन्स डेला. स्लाइड होती तुमच्या फोटोची."

"मग चांगलं झालं असेल भाषण. तुझं नाव तू ठेवलंस ते बरंच केलंस, रुचा चांगलं नाव आहे. माझ्यासारखं असतं तर तूही ताटातले तांदूळ मुठीत धरून पळाली असतीस."

अनुष्का माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. "सो आबा डिडन्ट हॅव अनदर वाइफ?"

"ह्यांना?" मी म्हटलं. "एक सांभाळता येत नाही."

मग हृषिकेश हसायला लागला. असा हसला की खुर्ची मागे सरकली. आणि रुचाने उठून ह्यांच्या ताटात भात वाढला, एकदा, मग परत एकदा, वर तूप. "सॉरी बाबा," म्हणाली. "पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"शब्द दिला होता," हे म्हणाले आणि भात कालवायला लागले, जसं काही कोणी वेळ विचारली होती.

*

कागदाचं मग सोपं झालं. बाळने नोंदीची नक्कल शिक्का मारून काढली. ह्या वेळी क्लार्कने त्याला पान उन्हात धरून बघू दिलं, तर खाल्लेल्या भागातून माझ्या वडिलांच्या नावाची पहिली दोन अक्षरं निघाली आणि खाली कोपऱ्यात माझी सही. कसरीनेही ती अर्धीच खाल्ली होती, चव आवडली नसेल. पण चिंधी आणि मंजिरी एकच बाई, असं मला शपथेवर लिहून द्यावं लागणार होतं, आणि इथे तशा कागदावर कोणी अधिकाराच्या माणसाने साक्ष घालावी लागते. डॉक्टर चालतो, केमिस्ट चालतो. आणि लग्न लावणारेही चालतात.

म्हणजे मिल्ड्रेड. जिच्या केकचे मी दोन तुकडे खाल्ले होते.

रुचाने इंग्रजीत टाइप केलेला कागद मिल्ड्रेडने माझ्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावला होता आणि ओठ असे आवळून धरले होते की मला कळत होतं आत काय चाललंय.

"हस," मी म्हटलं. "पोटात दुखेल."

"नाही हो काकू. मला तुम्हाला वाचून दाखवावं लागतं, कळलं का ते विचारावं लागतं." आणि तिने एकेक ओळ मराठीत सांगितली. मी, मंजिरी भास्कर शेवाळे, शपथेवर सांगते की माझं जन्माचं नाव... तिथे ती थांबली, आणि हसली नाही. "माझ्या आजीचं नाव रजिस्टरात एक आहे आणि सगळं गाव तिला दुसऱ्याच नावाने ओळखायचं," म्हणाली. "तिच्या आधीची भावंडं पण जगली नव्हती. मला वाटलं होतं फक्त आमच्याकडेच असं." मग तिने चष्मा पुसला. आणि पुढे वाचलं.

सही मी दोन केल्या. एक रोजची, मंजिरी, जी मी पोस्टात, बँकेत, पासपोर्टवर करते. दुसरीची तशी गरज नव्हती. पण पेन हातात होतं. च-ला वेलांटी, वर टिंब.

"काका," मिल्ड्रेड ह्यांच्याकडे वळली, "तुम्हीही इथे आहात तर विचारते. ह्या बाई कोण?"

"मंजिरी."

"त्याआधी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. शाळेतला मुलगा गुरुजींकडे बघतो तसं.

"बोला की," मी म्हटलं. "आता सरकारच विचारतंय."

"चिंधी," हे म्हणाले.

खोकला आला नाही. पंचेचाळीस वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून आलं आणि मला वाटलं होतं तेवढं काही वाईट लागलं नाही कानाला. पण मी तोंड वाकडंच ठेवलं, नाहीतर सवय लागायची.

*

कागद गेले. महिन्याभराने डिपार्टमेंटचं पत्र आलं की आता डॉक्टरी तपासणी करून घ्या. हृषिकेश म्हणाला, म्हणजे लग्न मान्य झालं त्यांना, आता नुसती तब्येत राहिली. लग्न मान्य झालं! मी म्हटलं, पेढे वाटू का?

तपासणीला आम्ही दोघं, सोबत शाळेला सुट्टी म्हणून अनुष्का. मोठी खोली, खुर्च्यांच्या रांगा, सगळ्या जगातले म्हातारे आपापल्या फायली मांडीवर घेऊन बसलेले. एक उंच, सोनेरी केसांची नर्स हातात कागद घेऊन बाहेर आली.

"मॅन... मॅनजी... मॅनजाय..."

सगळी खोली वाट बघायला लागली. मला ते थांबणं ओळखीचं होतं. गुरुजी असेच थांबायचे. फरक एवढाच की ह्या वेळी माझ्या चांगल्या नावापाशी.

नर्सने कागद जवळ धरला. त्यावर आता दोन्ही नावं होती. दुसरं बघून तिचा चेहरा एकदम खुलला, जसं काही गर्दीत मैत्रीण सापडली.

"सिंडी!" तिने हाक मारली. "इज सिंडी हिअर?"

"ओह माय गॉड, आजी," अनुष्का कुजबुजली. "यू आर सिंडी!"

मी उठले. पदर सारखा केला. सगळी खोली बघत होती, बघू दे. नर्सने हसून माझ्यासाठी दार धरलं, "कम इन, सिंडी, डार्लिंग," आणि मागे खुर्चीत हे खोकले.

मी वळून बघितलं. "आता काय झालं?"

"काही नाही," हे म्हणाले. "हे नाव माझ्या तोंडी आलं तर चालेल का, तेवढं आत्ताच सांगून जा."